स्लॅब कुणी टाकायचा

कोपऱ्यातल्या खांबाची शेवटची फळी निघाली तेव्हा इनोबत पाटाच्या पाण्यावर भांडी घासत होती. फळी जमिनीवर आपटल्याचा आवाज तिने ऐकला, पण त्याकडे लक्ष दिलं नाही. सकाळपासून तेच चाललं होतं. तिने मान वर केली ती नंतर, अंगणातली ठोकाठोक एकदम थांबली म्हणून.

तिचा धाकटा भाऊ फिरूझ हातात पहार घेऊन तसाच उभा होता. बाकीच्या खांबांच्या फळ्या निघाल्या होत्या, ते सगळे राखाडी आणि बरे दिसत होते. या खांबाच्या पोटात मात्र गुडघ्यापासून छातीपर्यंत नुसती खडी होती. तिला धरून ठेवायला सिमेंट नव्हतंच. बोट लावलं की दाणे दाणे ओघळत होते. सळया उघड्या पडल्या होत्या, आणि दोन सळयांच्या मध्ये सिमेंटची एक रिकामी पिशवी घडी करून कोंबलेली होती. शेजारी पाण्याची चेपलेली बाटली. फिरूझने पिशवी ओढून काढली, आणि खांबातून पलीकडची जर्दाळूची बाग दिसायला लागली.

आया, म्हणजे त्यांची आई, काठी टेकत आल्या. त्यांनी त्या भोकात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला, आणि बोटं दुसऱ्या बाजूने बाहेर आली. त्यांनी हात काढून घेतला, ओढणीला पुसला आणि त्या अंगणातल्या तापचानवर, लाकडी बैठकीवर, जाऊन बसल्या.

त्या दिवशी शुक्रवार होता, आणि रविवारी स्लॅबचा हशार, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याने मिळून करायचं काम, ठरलेला होता. थोरला भाऊ नुमोन सगळ्या मोहल्ल्याला सांगून आला होता. मोठी कढई आणून ठेवली होती, आणि गाजरं कापायला कुणाकुणाच्या सुना येणार तेही ठरलं होतं. खांब भरले तेव्हाही असंच झालं होतं. चाळीसेक माणसं आली, घमेली हातोहात गेली, थट्टामस्करी झाली, सगळ्यांनी कढईतला गाजर-मटणाचा पुलाव, ओश, पोटभर खाल्ला, दुआ मागितली आणि घरी गेली. त्या कोपऱ्यात उभं राहून माल आत ढोसायचं काम नुमोनने स्वतः अंगावर घेतलं होतं. हे सगळ्यांना आठवत होतं.

मागल्या हिवाळ्यात जमीन हलली आणि जुन्या घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. घर पाडावं लागलं. तेव्हापासून आया आणि इनोबत फाटकाजवळच्या, जर्दाळू वाळवायच्या दोन खोल्यांत राहत होत्या. नवं घर फिरूझचं असणार, याबद्दल कधी चर्चाही झाली नव्हती. त्यांच्या या गावात, इस्फऱ्यात, सगळीकडे तसंच असतं. थोरला वेगळा होतो, धाकटा आईजवळ राहतो. नुमोनचं घर दोन गल्ल्या सोडून केव्हाच उभं होतं. फिरूझ नऊ वर्षं परदेशात, सुरगुतला, उंच इमारतींचं काँक्रीट ओतत होता. आता तो परत आला होता, आणि पानगळ सुरू झाली की त्याची बायको निगीना मुलांना घेऊन येणार होती.

आल्या दिवसापासून दोघा भावांचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं. फिरूझ म्हणत होता, स्लॅबला कारखान्यातलं तयार काँक्रीट आणू. नुमोन म्हणत होता, हशार.

"आपल्या दारात चाळीस माणसं उभी राहतात, ही आपल्या बापाची कमाई," नुमोन म्हणायचा. "उद्या घरात मयत झालं तर खांदा द्यायला तुझा ट्रक येणार आहे का?"

"मयत लवकर होऊ नये म्हणूनच ट्रक म्हणतोय, अका," असं फिरूझचं उत्तर असायचं.

इनोबत हसायची आणि फिरूझची बाजू घ्यायची. ती नेहमीच त्याची बाजू घेत आली होती. तो जन्मला तेव्हा आया वर्षभर अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि दहा-अकरा वर्षांच्या इनोबतने त्याला कडेवर वागवला होता. पुढे तिचं लग्न झालं, मोडलं, ती माहेरी परतली आणि दवाखान्यात इंजेक्शनं द्यायच्या नोकरीला लागली. या सगळ्या काळात रोज तिच्याशी फोनवर बोलणारा माणूस एकच होता, तो म्हणजे फिरूझ.

दुपार कलल्यावर सत्तोर अमाक आले. वडील गेल्यापासून घरातला कोणताही निर्णय या काकांशिवाय होत नसे. शिवाय ते गल्लीच्या तोंडालाच राहत. त्यांचा द्राक्षांचा मांडव गल्लीवरून आडवा गेलेला होता, आणि काँक्रीटचा ट्रक त्याच्याखालून जाणं शक्य नव्हतं. म्हणजे फिरूझचा ट्रक यायचा तर अमाकांचा मांडव उतरवावा लागणार होता. ते कोणत्या बाजूने बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी खांबाभोवती एक फेरी मारली, खडीचे चार दाणे काढून तळहातावर घेतले आणि टाकून दिले. मग तापचानवर येऊन म्हणाले, की होतं असं कधी कधी. सिमेंटचा हात फिरवा, वरून गिलावा करा, रविवारचं काम रविवारी होऊ द्या. नुमोन मान खाली घालून ऐकत होता. त्याने मान हलवली.

फिरूझ उठून उभाच राहिला. त्याने शांतपणे सांगायचं ठरवलेलं असावं, कारण त्याने सुरुवात तरी हळू आवाजात केली. खांब एक वेळ फोडून पुन्हा भरता येईल, स्लॅबचं तसं नाही, तो म्हणाला. स्लॅब एका दमात पडावा लागतो. हाताने माल कालवला की प्रत्येक घाण्याला वेगळं प्रमाण. दमलेला माणूस फावडं सोपं जावं म्हणून पाणी जास्त घालतो. त्यात हे असलं रणरणतं ऊन. सकाळी एका टोकाला टाकलेला माल दुपारी दुसरं टोक गाठेपर्यंत आळून बसतो, मग नवा माल जुन्याला धरत नाही. वरून काही दिसत नाही. जमीन हलली की त्याच सांध्यावर स्लॅब उघडतो. कारखान्याचा माल सगळा एकसारखा येतो, पंपाची सोंड भिंतीवरून आत येते, आणि न्याहारीपर्यंत काम संपतं.

"आणि ट्रक वाटेत बंद पडला तर?" नुमोनने विचारलं. "कारखाना काय आपल्या परसात आहे? अर्धा स्लॅब पडलाय आणि दुसरा ट्रक घाटात धूर सोडत उभा आहे. मग तुझा सांधा कुठे जाईल?"

प्रश्न चुकीचा नव्हता. फिरूझने तसं कबूलही केलं. म्हणून पहाटे टाकायचा, म्हणून एक ट्रक रिकामा व्हायच्या आत दुसरा दारात हवा, असं तो सांगत होता. तेवढ्यात नुमोनची बायको मवजूदा चहाची किटली घेऊन आली. मवजूदा या घरात वीस वर्षं सून होती आणि पुरुषांच्या बोलण्यात तिने कधी तोंड घातलं नव्हतं. तिने पियाले भरले, एकेकाला दिले, फिरूझपुढे पियाला ठेवताना मात्र ती थांबली.

"ट्रक की हशार ते नंतर ठरवा," ती म्हणाली. "आधी फिरूझजोनला विचारा, या स्लॅबखाली झोपणार कोण."

नुमोनने तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही.

"माझा भाऊ सुरगुतला आहे, हे विसरलात सगळे. याने तिकडे घर घेतलंय. तिकडचे कागद झालेत. निगीनाने मुलांची नावं शाळेत घातली. माझा भाऊ त्यांच्या घरभरणीला जेवून आला. माझ्या नवऱ्याच्या नावाने सगळे बोटं मोडताय ना, खांब पोकळ निघाला म्हणून? मग हेही पोकळ आहे, तेही बघा."

फिरूझ आता नाही म्हणेल, हसेल, काहीतरी फटकळ बोलेल, याची इनोबत वाट बघत राहिली. तो नुसता पियाल्याकडे बघत होता.

"खरं आहे," तो म्हणाला.

इनोबतच्या हातातला चहा कलंडून मांडीवर सांडला. भाजल्याचं तिला कळलं ते बऱ्याच वेळाने. गेल्याच आठवड्यात तिने फिरूझला विचारलं होतं, मुलांच्या खोलीची खिडकी बागेकडे ठेवायची की गल्लीकडे. त्याने विचार करून, खरंच विचार करून, बागेकडे म्हणून सांगितलं होतं.

आया जर्दाळूच्या बिया दगडाने फोडत होत्या. त्यांचा हात थांबला. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली, आया."

"मग हे घर कशाला बांधतोयस?"

"तुमच्यासाठी. जायच्या आधी तुमच्या डोक्यावर पक्कं छत असावं म्हणून." मग तो थोडा अडखळला. "महिनाअखेरीचं तिकीट आहे माझं."

नुमोन हसला, पण त्या हसण्यात आनंद नव्हता. "म्हणजे ट्रक हवा तो छत पक्कं व्हावं म्हणून, की विमान चुकू नये म्हणून?"

"दोन्हीसाठी," फिरूझ म्हणाला. खोटं बोलून झालं होतं, आता त्याला त्याचाही कंटाळा आला असावा.

अमाकांनी घसा साफ केला. ते म्हणाले, की झालं ते झालं, यात रडण्यासारखं काही नाही. नुमोनचा कोमरोन लग्नाचा झालाय, पानगळीत सून येणारच आहे. हे घर कोमरोनला द्यावं. नवी सून आयांची सेवा करेल, बापाचं घर बापाच्या नावाने राहील. इनोबतचं काय, तिला एक खोली आहेच.

इनोबतने नुमोनकडे बघितलं. तो नको म्हणाला नाही. तो उठला, अर्धवट घराकडे गेला, वर रचलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांकडे बघत उभा राहिला. मग वळून त्याने फिरूझला विचारलं, अगदी वेगळ्या आवाजात, की कारखान्याचा माल खरंच एवढा मजबूत असतो का? जमीन हलली तरी?

फिरूझला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला.

"हशार करा की," तो म्हणाला. "बापाची कमाई आहे ना."

"थट्टा नको. पोरं राहणार आहेत इथे."

"मांडवाचं काय," अमाक म्हणाले, "दोन दिवसांत उतरवता येईल. वेल काय, पुन्हा चढतो."

इनोबत एकेकाचं तोंड बघत होती. दोन महिने जो ट्रक या घराची अब्रू घालवणार होता, तो घोटभर चहा संपायच्या आत सगळ्यांना हवाहवासा झाला होता. आणि ज्याने दोन महिने ट्रकसाठी भांडण केलं, तो आता फावडी आणा म्हणत होता. आपण फोडलेल्या गोष्टीतून आपल्याच मुलाला घर मिळेल हे मवजूदाच्याही ध्यानीमनी नसावं. ती किटली धरून तशीच उभी राहिली.

"घर कुणाला द्यायचं ते मी अजून बोलले नाही," आया म्हणाल्या.

सगळे वळले. आया मोठ्याने बोलल्या नव्हत्या. त्या बी फोडत होत्या.

"जमीन माझ्या नावावर आहे. घर इनोबतचं."

अमाकांनी पियाला खाली ठेवला. दोन मुलगे जिवंत असताना बापाचं घर मुलीला, तेही नवऱ्याने टाकलेल्या मुलीला, असं इस्फऱ्यात कुणी केल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. "यंगा," ते आपल्या भावजयीला म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील माझं म्हातारपणात डोकं फिरलं. म्हणू देत." आयांनी बी तोंडात टाकली. "मुलांनो, मी तुमच्यावर रागावले नाही. फिरूझ, तुझी मुलं जिथे शाळेत जातात तिथे तुझं घर. नुमोन, तुला घर आहे, कोमरोनलाही तू बांधून देशील. पण तुम्ही दोघं दोन महिने भांडताय आणि या छताखाली कोण राहणार ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे. स्लॅब कुणी टाकायचा ते आता तीच सांगेल."

नको म्हणायचं, असं इनोबतच्या मनात अगदी पक्कं होतं. आया, हे काय भलतंच, मला कशाला घर, असे शब्द तिच्या जिभेवर आलेही होते. नुमोन तिच्याकडे असा बघत होता की जणू तिने काही चोरलंय. फिरूझ बघतच नव्हता. तिने हात मांडीखाली धरले. आणि तोंडून निघालं ते वेगळंच.

"ट्रकमध्ये माल किती वेळ चांगला राहतो?"

फिरूझने मान वर केली.

"तुला विचारतेय."

"दीड तास, अपा. या उन्हात त्याहून कमी."

मग ती विचारतच गेली. दवाखान्यात आजाऱ्याला विचारते तशी, एकामागून एक. वाटेत घट्ट झाला तर ड्रायव्हर काय करतात? पाणी घालतात, फिरूझ म्हणाला, आणि तिथेच सगळं बिघडतं. ते आपल्याला कळणार कसं? या एका खांबाला ट्रक मागवायचा का? नाही, फिरूझ म्हणाला, एका खांबापुरता माल कारखाना पाठवणारही नाही, तो छोट्या मिक्सरवर आपण घरचेच भरू शकतो, नीट ढोसून. नवा खांब भरल्यावर स्लॅब कधी? दहा-बारा दिवस तरी थांबायला हवं. टेकू कधी काढायचे? पाणी किती दिवस मारायचं? तिने नुमोनलाही विचारलं, मोहल्ल्यातल्या कुणाचा हात मालाला बरा आहे. नुमोनने आधी मान फिरवली. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने दोन नावं सांगितली.

"मग असं," ती म्हणाली. "खांब फोडायचा. तो हाताने भरायचा, घाई न करता. स्लॅब ट्रकने, पहाटे, दोन्ही ट्रक दारात आल्याशिवाय सुरुवात नाही."

"मी तोपर्यंत इथे नसेन," फिरूझ म्हणाला.

"तिकिटाचं तू बघ."

"आणि रविवार?" नुमोनचा आवाज चढला. "चाळीस घरी जाऊन काय सांगू? तुमचं काम नको, आम्ही यंत्र आणलं म्हणून?"

"काही सांगू नका, अका. येऊ देत. त्यांना हा खांब दाखवू."

तिने त्याच्या कानाखाली मारली असती तरी नुमोन एवढा पांढरा पडला नसता. सगळ्या मोहल्ल्यापुढे? ज्या कोपऱ्यात तो स्वतः उभा होता तो? अमाक उठले. वहाणा घालताना त्यांनी एवढंच म्हटलं, की या घरात आता मोठं माणूस उरलेलं नाही. फाटक त्यांनी आपटलं नाही, उघडंच टाकून गेले.

रविवारी माणसं आली. डोक्याला रुमाल बांधून, आपापली फावडी घेऊन आली, आणि अंगणात शिरताच एकेकाचं बोलणं थांबलं. नुमोन त्या खांबाजवळ उभा होता. रात्री तो जेवला नव्हता, असं मवजूदाने इनोबतला सांगितलं होतं. तो येईल की नाही याचीही तिला खात्री नव्हती.

"हा कोपरा माझा होता," नुमोन म्हणाला. मग बाजूला होऊन त्याने सगळ्यांना ते भोक दाखवलं.

लोक खांबाभोवती जमले. कुणी वाकून आत बघितलं. शेवटी पलीकडच्या गल्लीतला एक म्हातारा सुतार म्हणाला, की ती पिशवी आपणच कोंबली होती. फळीच्या फटीतून माल गळत होता म्हणून. मग काढायची राहून गेली, कुणीतरी ओशसाठी हाक मारली. त्याने घण मागितला. दुपारपर्यंत त्या माणसांनी खांब फोडून सळया मोकळ्या केल्या, राडारोडा ओढून नेला, आणि ओश खायला बसले. जेवताना नुमोनच्या ताटलीत दोन-तीन जणांनी आपल्यातलं मटण सारलं. इनोबत ते दुरून बघत होती. आता जेवून जाताना कुणी काहीतरी लागेल असं बोलेल, म्हणून ती वाट बघत राहिली. कुणी बोललं नाही. सत्तोर अमाक आले नाहीत.

फिरूझने तिकीट पुढे ढकललं. त्याबद्दल त्याने कुणाला सांगितलं नाही, इनोबतला ते निगीनाच्या फोनवरच्या आवाजावरून कळलं. खांब त्याने आणि नुमोनने मिळून भरला. दोघं दिवसभरात दहा वाक्यंही बोलले नसतील, पण माल ढोसताना एक थांबला की दुसरा सुरू करत होता. फळ्या काढल्या त्या दिवशी आयांनी खांबावर काठी वाजवून बघितली आणि त्या पुन्हा बिया फोडायला गेल्या.

त्या दोन आठवड्यांत इनोबतने दोनदा आयांना म्हटलं, की अजून विचार करा. दुसऱ्या खेपेला आयांनी तिला विचारलं, "तुला नकोय का?" इनोबत उठून वर सेंट्रिंगवर गेली आणि सळयांच्या जाळीवर कितीतरी वेळ उभी राहिली. तिथून अख्खी बाग दिसत होती.

स्लॅबच्या दिवशी ती अंधूक उजाडताना गल्लीच्या तोंडाला गेली. मांडवाची काळजी तिला रात्रभर होती. अमाकांना पुन्हा सांगायला कुणी गेलं नव्हतं, आणि तिचं धाडस झालं नव्हतं. मांडवाच्या जागी मोकळं आभाळ होतं. अमाक शिडीवर चढून वेलाच्या शेवटच्या फांद्या भिंतीला बांधत होते, आणि शिडी नुमोनने धरली होती. ती सलाम करून उभी राहिली.

"द्राक्षं अजून आंबटच आहेत," थोड्या वेळाने अमाक भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "म्हणून काढला."

पंप आला, त्याची सोंड भिंतीवरून आत गेली. मोहल्ल्यातली दहा-बारा माणसं न बोलावता येऊन उभी होती, बूट घालून, थाप्या घेऊन. ट्रकमधून आलेला मालही पसरावा लागतोच, असं फिरूझने कुणाकडे तरी बोलून ठेवलं होतं. पहिला ट्रक गल्लीत शिरला, त्याच्या मागे दुसरा. ड्रायव्हर खाली उतरला, तरणा, घाईत असलेला माणूस. हातात पावती होती.

"मालक कोण? सही झाल्याशिवाय माल सोडत नाही."

गल्लीत पुरुषच पुरुष उभे होते. ड्रायव्हरने सगळ्यांत वयस्कर म्हणून अमाकांकडे बघितलं, त्यांनी तोंड वळवलं. मग त्याने कागद नुमोनपुढे धरला. नुमोनने हात पुढे केला, आणि इनोबतला वाटलं, संपलं. त्याने कागद घेतला, वाचला, आणि परत ड्रायव्हरच्या हातात दिला.

"तिला दे," नुमोन म्हणाला. "घर तिचं आहे."

ड्रायव्हरने इनोबतच्या मागे कुणी आहे का ते बघितलं. मागे कुणी नव्हतं. इनोबत जागची हलली नाही. आया म्हणाल्या होत्या तेव्हा तिने ते ऐकलं होतं, पण आज गल्लीत, सगळ्यांपुढे, नुमोनच्या तोंडून ते पहिल्यांदाच खरं वाटलं. फिरूझने पंपाजवळून तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. तिने पुढे होऊन कागद घेतला.

"माल कधी भरला?" तिने विचारलं.

ड्रायव्हर जरा गडबडला. "बांग झाली तेव्हा."

"वाटेत पाणी घातलंत?"

"नाही."

"बघून सांगते." ती फिरूझला हाक मारणार होती, पण तो आधीच ट्रकच्या मागे गेला होता. त्याने फावडंभर माल काढून तिच्यापुढे धरला. राखाडी, दाट, फावड्यावरून न ओघळणारा. तिने त्यात बोटं घातली. मग ओल्या बोटांनीच सही केली.

"सोडा," ती म्हणाली.